फटफटीची देखभाल : आपल्या हाती की मिस्त्रीच्या?

मोटारसायकलची सर्व्हिसिंग घरी करावी की गाडी गॅरेजमध्ये टाकावी? घराघरात रंगणाऱ्या या वादाचा निकाल पैशांच्या हिशोबाने लागत नाही. तो कशाने लावावा, हे जबलपूरसारख्या शहराकडून शिकण्यासारखे आहे.

घरातली दुचाकी कुरकुरायला लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "चार बोल्ट तर खोलायचेत, त्याला कशाला पैसे मोजायचे?" दुसरा म्हणतो, "बाबा, ज्याचे काम त्याला करू द्या. मिस्त्रीकडे टाका आणि मोकळे व्हा." पहिल्या पक्षात बहुधा वडील असतात, दुसऱ्यात मुलगा. आई मात्र दोघांनाही एकच विचारते, "ते सगळं राहू द्या, उद्या सकाळी गाडी चालू होईल ना?"

खरे तर मुद्द्याचा प्रश्न आईचाच असतो. कारण बहुसंख्य मध्यमवर्गीय घरांत एकच मोटारसायकल असते आणि तीवर सगळ्या घराची भिस्त असते. सकाळची ड्यूटी, मुलीची शिकवणी, बाजारहाट, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळे त्या दोन चाकांवर. तेव्हा तिच्यावर हात कोणी चालवायचा, हा नुसता हौसेचा किंवा काटकसरीचा विषय नाही. मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचाही आहे.

पाने-पकडींचे शहर

हा वाद पुण्यात होतो, नागपुरात होतो, पण जबलपुरात त्याला वेगळीच धार येते. मराठी माणसाला जबलपूर परके नाही. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजी अमलात आणि स्वातंत्र्यानंतरही, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदले. राजधानी नागपूर होती. कचेऱ्या, न्यायालये, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इथे आली आणि स्थिरावली. इथल्या मराठी घरात गाडी 'बनवायला' टाकतात आणि मेकॅनिकला 'मिस्त्री' म्हणतात, तो हिंदीच्या शेजाराचा गुण!

याच शहरात १९०४ साली तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला. १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी, म्हणजे सैन्याच्या वाहनांचा कारखाना सुरू झाला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने बनलेला 'शक्तिमान' ट्रक एका पिढीच्या ओळखीचा आहे. तो याच शहरात घडला. जपानच्या निसान कंपनीच्या आराखड्यावर बनलेली सैन्याची 'जोंगा' गाडीही इथलीच. जोंगा हे नाव काही जपानी नाही; 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले! १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने सरकारी कंपन्यांच्या रूपात चालतात, पण गावाच्या लेखी ते अजून 'जीसीएफ', 'व्हीएफजे' आणि 'खमरिया'च आहेत.

साहजिकच रांझी, खमरिया, आधारताल या भागांत फिटर, टर्नर, वेल्डर, मशिनिस्ट यांची घरे पावलोपावली. अशा घरात रिंग पाना आणि फिक्स पाना यांतला फरक शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. हाताला ग्रीस लागणे हा इथे कमीपणा मानला जात नाही. दिवसभर सैन्याचा ट्रक जोडणाऱ्या माणसाने स्वतःची शंभर सीसीची गाडी दुसऱ्याकडे का द्यावी, असे त्याला वाटले तर नवल नाही.

पण त्याच कारखान्याचा दुसराही एक नियम आहे आणि तो घरी येताना विसरला जातो. कारखान्यात काम करणारा वेगळा असतो आणि ते तपासून पास करणारा वेगळा. कारागीर कितीही मुरलेला असो, स्वतःच्या कामावर स्वतःच अखेरचा शिक्का मारत नाही. घराच्या अंगणात मात्र करणारेही आपणच आणि तपासणारेही आपणच. घरच्या सर्व्हिसिंगमधला खरा धोका तिथे आहे. हाताला कसब नाही म्हणून होणाऱ्या चुकांपेक्षा, दुसरी नजर नाही म्हणून राहून गेलेल्या चुका अधिक घातक ठरतात.

गाडी बदलली, वाद तोच

एक काळ असा होता, की मोटारसायकल ठेवणाऱ्याला थोडेफार मिस्त्री व्हावेच लागे. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट, १९६० च्या दशकात आलेली म्हैसूरची जावा आणि पोलंडच्या आराखड्यावर बनलेली राजदूत ही त्या काळची मातब्बर नावे. जावा आणि राजदूत टू-स्ट्रोक. त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. परिणामी प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचे. प्लगला ठिणगी पुरवणारे 'पॉइंट' घासून त्यांतले अंतर बसवावे लागे. भेडाघाटला सहलीला निघायचे तर डब्याबरोबर प्लगचा पाना आणि एक जादा प्लग घेणे हा शहाणपणा होता.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० बाजारात आली आणि चित्र पालटले. फोर-स्ट्रोक इंजिन, पॉइंटची कटकट नाही, पेट्रोल मोजून-मापून पिणार. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. लोकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. पेट्रोलबरोबर ऑइल, चेन आणि हवाही विसरून गेले!

त्यानंतर आणखी दोन मोठे बदल झाले. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरच्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. त्याखालच्या गाड्यांना निदान पुढचे-मागचे ब्रेक जोडणारी सीबीएस पद्धत आवश्यक ठरली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन तिथे फ्युएल इंजेक्शन आले. स्क्रू अर्धा फेरा फिरवून इंजिनची 'रेस' लावणाऱ्या वडिलांना नव्या गाडीत फिरवायला स्क्रूच सापडत नाही. पेट्रोलचे माप आता संगणक ठरवतो आणि त्याची तक्रार ऐकायला गॅरेजमध्ये तपासणी यंत्र लागते.

म्हणजे घरच्या हाताखालची काही कामे काळानेच काढून घेतली. पण गंमत पाहा, टायरमधली हवा, चेन, ऑइल, केबल, नट-बोल्ट ही कामे जुन्या बुलेटला होती तशीच आजच्या नव्या गाडीलाही आहेत.

हिशोब मांडून पाहू

घरी सर्व्हिसिंग केली तर वाचते काय? ऑइल, प्लग, एअर फिल्टर यांची किंमत तुम्ही बसवा की मिस्त्रीने बसवा, तेवढीच पडते. वाचते ती फक्त मजुरी. उलट बाजूला पान्यांचा संच, हवा मोजायचे मीटर, ऑइल काढायची परात, चिंध्या आणि रविवारची अर्धी सकाळ मांडावी लागते.

शिवाय एक चूक सगळी बचत गिळते. इंजिनचे खालचे आवरण ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ धातूचे असते आणि ऑइलचा बोल्ट पोलादाचा. 'जरा घट्ट असलेला बरा' म्हणून पाना लांब धरून जोर लावला की आवरणातले आटे जातात. मग नवे आटे पाडणे आले, नाही तर आवरणच बदलणे आले. काही वर्षांची वाचलेली मजुरी एका झटक्यात जाते.

मग घरी हात लावूच नये का? तसेही नाही. दुसऱ्या रकान्यातला जमाखर्च वेगळा आहे. कोरडी, धुळीने भरलेली चेन आपल्याबरोबर दोन्ही चक्रांचे दातही खाते. मग चेन आणि चक्रे असा सगळा संच बदलावा लागतो. हवा कमी असली की टायर कडेने झिजतो आणि पेट्रोल जादा जाते. ऑइल कमी असलेले इंजिन आतून घासते आणि प्रकरण 'हाफ इंजिन'च्या कामावर जाते. या नुकसानी दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या दिवसांत होतात आणि त्या दिवसांत गाडी मिस्त्रीपुढे नसते, आपल्या दारात असते.

म्हणजे मजुरी वाचवायला गाडी खोलणारा तोट्यात जाऊ शकतो. पण गाडीवर नजर ठेवायला हात काळे करणारा सहसा तोट्यात जात नाही.

सैन्याने काढलेला तोडगा

आता जबलपूरकडून शिकायचा धडा. या शहरात सैन्याची वाहने बनतात, तशीच सैन्याची मोठी बेस वर्कशॉपही इथे आहे. १९४३ साली स्थापन झालेल्या ईएमई कोअरकडे, म्हणजे सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांकडे दुरुस्तीचे काम असते. तिथे 'चालकाने करावे की मिस्त्रीने' असा वाद घालत बसत नाहीत. कामाच्या पायऱ्या पाडलेल्या असतात. रोजची देखभाल, म्हणजे हवा, पाणी, ऑइल, गळती, सैल झालेले नट ही जबाबदारी ज्याच्या हाती वाहन आहे त्याची. त्यापुढचे काम पलटणीबरोबरच्या कारागिरांचे, त्याहून अवघड ते फिरत्या कार्यशाळेचे. इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखे करायचे असेल तर बेस वर्कशॉप. पहिल्या पायरीवरच्या माणसाने वरच्या पायरीचे काम अंगावर घ्यायचे नाही. पण वरच्या पायरीकडे बोट दाखवून स्वतःचे काम टाळायचेही नाही.

घरच्या गाडीलाही हीच पायरी लावता येते. पायरी ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक कामाआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : हे काम चुकले, तर चूक कुठे उघडी पडेल? दारात उभ्या गाडीत दिसणार असेल, तर काम घरी करायला हरकत नाही. चालत्या रस्त्यावर, उतारावर, ट्रकच्या पुढ्यात कळणार असेल, तर ते काम जाणत्याच्या हातचे.

हा हिशोब आपल्या गृहिणींना नवा नाही. कुकरची रिंग त्या स्वतः बदलतात; नीट बसली नाही तर वाफ लगेच बाजूने निसटते. पण गॅसच्या रेग्युलेटरमध्ये बिघाड वाटला की त्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसत नाहीत, एजन्सीला फोन करतात. मोटारसायकलला वेगळा न्याय कशाला?

ही कामे घरची

हवा : आठवड्यातून एकदा, टायर गार असताना पाहावी. किती हवी याचा आकडा पुस्तिकेत आणि बहुतेक गाड्यांच्या चेनकव्हरवर किंवा आसपास चिकटवलेल्या पट्टीवर असतो. एकट्याने जाताना आणि मागे कोणी बसलेले असताना मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, हे विसरू नये. टायरच्या कडेवर 'टीडब्ल्यूआय' अशी किंवा त्रिकोणी खूण असते. तिच्या रेषेत नक्षीच्या खोबणीत एक उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्यापर्यंत आला, की बदलायची वेळ झाली.

चेन : जबलपूरचा उन्हाळा धुळीचा आणि पावसाळा चिखलाचा. उघड्या चेनला दोन्ही बाधतात. रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने साफ करून, कोरडी पुसून तिला चेनचे स्प्रे किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे आणि जादा ऑइल फडक्याने टिपून घ्यावे. चेन झाकलेली असेल तर कव्हरला रबरी बूच असते. ते काढून चेनचा ढिलेपणा पाहता येतो.

ऑइल पाहणे : गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून पाहावे. काही गाड्यांत पट्टी आट्यांत न आवळता नुसती टेकवून पाहायची असते. पुस्तिका वाचावी. ऑइल कमी आढळले तर ते भरावेच, पण ते गेले कुठे हेही शोधावे.

ऑइल बदलणे : वॉरंटी संपलेल्या गाडीचे ऑइल शिकून घेतल्यावर घरी बदलता येते. इंजिन कोमट असावे, चटका बसेल इतके गरम नको. बोल्ट आधी हातानेच आट्यांत बसवावा, पाना शेवटी. वायसर नवा घालावा. दुचाकीचा क्लच बहुधा ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून मोटारीचे उरलेले ऑइल तिला घालू नये; क्लच घसरू लागतो. दुचाकीच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' असे लिहिलेले असते, ते पाहून घ्यावे. ऑइल भरल्यावर दोन मिनिटे इंजिन चालवून पुन्हा पातळी पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून थेंब पडतो का तेही पाहावे.

प्लग : हा इंजिनची नाडी आहे. टोकाचा रंग फिका तांबूस किंवा बिस्किटासारखा असेल तर प्रकृती ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जादा जाते किंवा हवा अडते. काळा आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत जळते आहे. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापते आहे. हे वाचता आले तरी पुरे. त्यावरचा इलाज मिस्त्री करील.

केबल आणि दिवे : क्लचची केबल तुटते ती बहुधा लिव्हरजवळच्या टोकाला आणि तुटण्याआधी तिथे एकेक तार सुटू लागते. महिन्यातून एकदा तिथे नजर टाकावी. ब्रेक दाबला की मागचा दिवा लागतो का, हे भिंतीजवळ गाडी उभी करून कळते.

साडी-गार्ड : मागे बसणाऱ्यासाठी हाताला पकड, पायदान आणि चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साडी-गार्ड असावे, असा मोटार वाहन नियमच आहे. देखणेपणासाठी ते काढून टाकणाऱ्या मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांनी हटकावे. चाकात अडकलेला पदर किंवा ओढणी किती महागात पडते, हे सांगायला नको.

बोटे सांभाळा, नदीही सांभाळा

घरच्या कामातला सर्वांत मोठा अपघात चेनपाशी होतो. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावायची पद्धत अनेकांना सोयीची वाटते. फडके चेनमध्ये ओढले जाते, त्याबरोबर बोटेही जातात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत ती तुटतात. चेनचे काम करताना इंजिन बंद, किल्ली खिशात आणि चाक हातानेच फिरवायचे. त्यात सवलत नाही.

पेट्रोलचे काम बंद व्हरांड्यात किंवा स्वयंपाकघराजवळ करू नये. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवू नये.

आणि काढलेले जुने ऑइल? ते नाल्यात ओतू नका. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. शहराच्या नाल्याचे पाणी शेवटी नदीकडेच जाते आणि जबलपूरची नदी म्हणजे नर्मदा. ग्वारीघाटावर दिवा सोडायचा आणि घरामागच्या गटारात काळे ऑइल, हे जुळत नाही. ते डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

ही कामे मिस्त्रीची

ब्रेक हे पहिले. ड्रम ब्रेकचा नट फिरवणे सोपे दिसते, पण तो जास्त आवळला तर ब्रेक चिकटतो, ढिला राहिला तर उतारावर लागत नाही. सीबीएस असलेल्या गाडीत तर एका पायाखाली दोन्ही चाके जोडलेली असतात. आपण फक्त पाहावे. अनेक गाड्यांत ड्रमजवळ बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो ठरलेल्या खुणेशी पोचला की लायनर संपले, असे समजावे आणि गॅरेज गाठावे. डिस्क ब्रेकचे ऑइल हवेतली ओल शोषते आणि जुने झाले की ब्रेक दगा देऊ शकतो. ते ठरल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, जाणत्याकडून बदलून घ्यावे.

चेन आवळणे हे मधल्या पायरीचे काम. त्यासाठी मागच्या चाकाचा आस ढिला करावा लागतो. चाक तिरके बसले किंवा आसाचा नट नीट आवळला गेला नाही, तर परिणाम रस्त्यावर दिसतात. जाणत्या माणसासमोर दोन-तीनदा केल्याशिवाय ते एकट्याने करू नये. केले तर दुसऱ्याकडून नट तपासून घ्यावा. करणारा वेगळा, तपासणारा वेगळा!

कोनसेट, चाकांचे बेअरिंग, पुढचे शॉकअप, टॅपेट, क्लचच्या प्लेटा, टायमिंग चेन ही कामे निर्विवाद मिस्त्रीची. टॅपेटमधले अंतर मिलिमीटरच्या लहानशा अंशात मोजायचे असते, अंदाज चालत नाही. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली असते. त्याची नळी उगाच खोलू नये. एबीएसची गोष्ट तर विचारायलाच नको.

इथे मिस्त्रीच्या मजुरीकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. आपण त्याच्या अर्ध्या तासाचे पैसे देत नाही. रोज वेगवेगळ्या गाड्यांचे आवाज ऐकून तयार झालेल्या त्याच्या कानाचे देतो. 'टिक टिक' टॅपेटची की चेनची, हे तो गाडी फाटकातून आत येतानाच ओळखतो. घासाघीस जरूर करा, पण त्या कानाची किंमत आहे हे मनात असू द्या.

गिऱ्हाईक कसे असावे?

मिस्त्री चांगला मिळायला नशीब लागते म्हणतात. तसे गिऱ्हाईकही चांगले असावे लागते. डॉक्टरकडे गेल्यावर आपण 'बरे वाटत नाही' एवढेच सांगत नाही. ताप कधी येतो, दुखते कुठे, हे सांगतो. गाडीचेही तसेच. 'आवाज येतो' यापेक्षा 'तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी तापल्यावर, उजवीकडून आवाज येतो' हे सांगितले तर मिस्त्रीचा वेळ आणि आपले पैसे वाचतात.

घरी एक वही ठेवावी. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरला, चेन कधी टाकली, याची दोन ओळींत नोंद. बदललेला जुना भाग परत मागावा. त्यात संशय नसावा, रीत असावी. बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली कसूरही येते आणि तक्रारीच्या वेळी बिलासारखा साक्षीदार नाही. काम झाल्यावर मिस्त्रीबरोबर एक फेरी मारून, ब्रेक लावून पाहूनच गाडी ताब्यात घ्यावी.

नव्या गाडीला मात्र पथ्य आहे. वॉरंटीच्या काळात ठरलेल्या सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करून घेण्याची अट असते. ती मोडली तर पुढे हक्क नाकारला जाऊ शकतो. तेवढ्या मुदतीत घरी हवा, चेन आणि स्वच्छता एवढेच.

मुदत संपल्यावर गाडी कोणाकडे न्यायची, हा मालकाचा अधिकार. मोकळ्या गॅरेजना सुटे भाग आणि माहिती मिळू न देण्याच्या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी माहितीचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. आपल्या मालकीची वस्तू उघडून पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा हव्या त्या कारागिराकडे नेण्याचा प्रश्न आता फक्त अंगणातला राहिलेला नाही.

मुलींनाही पाना द्या

शेवटी एक गोष्ट, जी खर्चाच्या वहीत लिहिता येत नाही. रविवारी बाबा गाडीपाशी बसले की पाना आणून द्यायला मुलाला हाक जाते आणि चहा आणायला मुलीला. आता मुलीही गाडी चालवतात. कॉलेजला, नोकरीला, संध्याकाळी उशिरापर्यंत. रस्त्यात गाडी बंद पडली तर पेट्रोलचा कॉक, प्लगची टोपी, किल स्विच एवढे तिला पाहता यायला हवे. निम्म्या वेळा 'बिघाड' म्हणजे चुकून दाबलेला किल स्विचच असतो! टायरमधली हवा मोजायला मनगटात ताकद लागत नाही, सवय लागते.

जी मुलगी किंवा मुलगा स्वतः चेनला ऑइल लावतो, तो गाडी उगाच झटके देऊन पळवत नाही. ज्याने ब्रेकचा बाण एकदा पाहिला आहे, तो लायनर संपत आले असताना तिघांना बसवून बरगीच्या धरणावर निघत नाही. हे शिक्षण कोणतेही गॅरेज विकत देऊ शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात दोन पक्ष पडले, तर दोघांनाही निम्मे-निम्मे गुण द्या. गाडी रोज पाहणे, ऐकणे, पुसणे, तिची हवा-पाणी सांभाळणे हे घराचे काम. ते मिस्त्रीवर ढकलू नका. जिच्यावर जीव अवलंबून आहे ती दुरुस्ती जाणत्याची. ती हट्टाने अंगावर घेऊ नका. आणि काम कोणीही केलेले असो, किक मारण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी एकदा म्हणा, "जरा बघ रे, नट सगळे आवळलेत ना?"